नऊ फुटांचा उतार आणि सव्वापाच लाखांचं कोटेशन

पत्र: नमस्कार. आम्ही डोंबिवलीला राहतो. यजमान गेल्या वर्षी रिटायर झाले. देवरुखजवळ सासऱ्यांच्या वाटणीतून आलेली पाच गुंठे जागा आहे, एनए झालेली. रस्त्याला लागून रुंदी ६६ फूट, आत साडेब्याऐंशी फूट. जागा रस्त्यापासून मागे उतरत जाते, मागची हद्द रस्त्याहून नऊ फूट खाली आहे. भराव घालून सगळी रस्त्याच्या पातळीला आणून द्यायचे ठेकेदाराने ५ लाख २५ हजार सांगितलेत. कोटेशनचा फोटो सोबत पाठवते. गावातला जेसीबीवाला म्हणतो, तासाला १३०० द्या, दोन दिवसांत लेव्हल करून देतो, लाखांत कशाला जाता? यजमानांना ठेकेदार पटतो, मला जेसीबीवाला. खरं कोणाचं? काम पावसाआधी उरकायचं आहे. खालच्या अंगाला चुलत दिरांचं घर आहे. त्यांना विचारलं तर "काय करायचं ते करा" म्हणाले, म्हणजे त्यांची हरकत नाही.
– एक वाचक, डोंबिवली

ताई, सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करतो. कोकणात "काय करायचं ते करा" याचा अर्थ हरकत नाही असा होत असेल, तर मी आयुष्यभर चुकीच्या गावांत कामं केली. पण त्याकडे नंतर येऊ.

तुमचा ठेकेदार लबाड नाही आणि जेसीबीवालाही फसवत नाही. दोघांना तुम्ही "प्लॉट सपाट करायचा आहे" एवढंच सांगितलंत आणि दोघांनी आपापल्या मनातल्या सपाटीचा भाव दिला. कुठल्या पातळीला सपाट, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. सगळा पैसा त्या एका प्रश्नात आहे. आकडे लावून दाखवतो, वहीपेन्सिल घ्या.

पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट. ठेकेदाराच्या हिशेबात रस्त्यापाशी भराव शून्य आणि मागे नऊ फूट, म्हणजे सरासरी साडेचार फूट. ५,४४५ गुणिले साडेचार, २४,५०० घनफूट झाले. मुरूम मोजायचा ब्रासने आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेव्हा २४५ ब्रास. पण ही दाबून बसलेल्या मातीची मोजणी. ट्रकमधून येतो तो सुटा, फुगलेला मुरूम. पाणी मारून धुम्मस केला, म्हणजे ठोकून दाबला, की तो पंधरा-वीस टक्के खाली बसतो. म्हणून मागवावे लागतील २९० ब्रासच्या आसपास, दोन ब्रासच्या गाडीने १४५ खेपा. कोटेशनमध्ये मुरमाचा भाव ब्रासला १५०० लिहिलाय. गुणाकार करा, ४ लाख ३५ हजार. उरलेल्या नव्वद हजारांत पसरणं, रोलर, टँकर आणि त्याचा नफा. अवाच्या सवा काही नाही.

आता तोच फोटो मोठा करून अगदी खालची ओळ वाचा. "संरक्षक भिंत वेगळी." तीनच शब्द, तेही शिक्क्याखाली दबलेले. नऊ फूट उंच मोकळा भराव कोकणच्या पावसात उभा राहत नाही, त्याला भिंत लागते. आणि भराव अडवणारी भिंत म्हणजे कंपाउंड नव्हे. दगडाची केली तर तळाला पाच फूट रुंद धरायला हवी, वर निमुळती होत दोन-अडीच फूट. पाया धरून मागची एकटी भिंत २७ ब्रास दगडकाम होतं. दोन्ही बाजूंच्या उतरत्या भिंती मिळवल्या की आकडा ५० ब्रासच्या घरात. तिथल्या गवंड्याला दर विचारा आणि सव्वापाच लाखांत मिळवा, यजमानांशी वाद घालावा लागणार नाही. शिवाय नऊ फुटांची भिंत गवंड्याच्या अंदाजाने बांधायची नसते, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्यायची असते. तो खर्च वेगळा.

एवढ्यावर भागत नाही. भरावावर घराचा पाया टेकवता येत नाही, तो खाली मूळ जमिनीत न्यावा लागतो. जिथे भराव साडेपाच फूट तिथे प्रत्येक कॉलम साडेपाच फूट जास्त लांब. म्हणजे आधी पैसे देऊन माती आणायची, मग पैसे देऊन त्याच मातीतून खाली उतरायचं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. स्वतःचं घर बांधलं तेव्हा पाया खालपर्यंत नेला, पण पडवी भरावावरच टाकली. चार फुटांचा तर भराव, म्हटलं एक पावसाळा गेला की बसेल आपोआप. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पडवीची लादी भिंतीपासून सुटून खाली गेली. त्या फटीत माझ्या नातीची मूठ जायची, ती तिथे चिंचोके लपवून ठेवी. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती आपला खजिना दाखवायची आणि चाळीस वर्षं ओव्हरसिअरकी केलेला माणूस छताकडे बघत बसायचा.

आता पातळी बदलून बघू. रस्त्याची पातळी सोडून मधली धरा, रस्त्यापासून साडेचार फूट खाली. पुढच्या अर्ध्या भागातली माती काढायची आणि मागच्या अर्ध्यात घालायची. काढायची माती किती? अर्ध्या प्लॉटवर सरासरी सव्वादोन फूट, म्हणजे ६१ ब्रास. कुठे २४५ आणि कुठे ६१! चौथाईवर आलं, आणि बाहेरून जवळजवळ काही आणायचं नाही. पण यात खोट अशी की रस्ता डोक्यावर साडेचार फूट राहतो. पाऊस लागला की गावच्या वरच्या अंगाचं पाणी पाहुण्यासारखं थेट तुमच्या ओटीवर.

म्हणून तिसरा हिशेब, जो मी तुमच्या जागेत करीन. एकाच्या दोन पायऱ्या करा. तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांनी भातासाठी मजग्या, म्हणजे उतारावर पायऱ्यांची खाचरं, केल्या असतील, त्याच विद्येने. प्लॉटचे आडवे दोन भाग, प्रत्येकाची आतल्या दिशेने लांबी सुमारे एक्केचाळीस फूट. प्रत्येक भागात उतार साडेचार फुटांचाच, म्हणून पुढून सव्वादोन फूट काढायचं आणि मागे सव्वादोन फूट भरायचं. एका पायरीला १५ ब्रास आणि थोडं वर, दोन्हींचे मिळून ३१. पुन्हा अर्ध्यावर. मध्ये साडेचार फुटांचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेली भिंत, मागच्या हद्दीला सव्वादोन फुटांचा, बाजूंना भराव असेल तेवढ्यापुरता छोटा. मधला आणि मागचा मिळून दगडकाम १३ ब्रासच्या आसपास.

वरची पायरी रस्त्याहून सव्वादोन फूट खाली येईल. घराचं जोतं अडीच फूट धरलंत की घरातली जमीन रस्त्याहून तीन इंच वर. रस्त्याच्या कडेने गटार काढून ते बाजूने उतरवून न्या. गाडी आत घ्यायला छोटा उतार पुरतो. पाया खाली न्यायचा तो भरावाच्या बाजूला जास्तीत जास्त सव्वादोन फूट, तेवढा तसाही खणावा लागतोच. रस्त्यापासून किती अंतर सोडायचं ते मात्र नकाशा मंजूर करून घेताना पक्कं करा आणि पायऱ्यांची आखणी त्यानंतर करा. बरेच जण आधी मशीन लावतात आणि मग घर कुठे येणार ते शोधतात. खालच्या पायरीवर तुमची बाग, केळी, नारळ, कपडे वाळत घालायची दोरी. तो भाग काटेकोर सपाट नसला तरी कोणी पाणसळ लावून बघायला येत नाही.

आणि गंमत बघा. जेसीबीवाल्याचे दोन दिवस म्हणजे १६ तास, २०,८०० रुपये. ३१ ब्रास माती काढून पलीकडे पसरायला एवढा वेळ पुरतो. म्हणजे तुमचा जेसीबीवाला बरोबर आहे, फक्त त्याच्या हिशेबात गडगा नाही, धुम्मस नाही आणि माती कुठे ढकलणार हेही नाही. त्याला मोकळा सोडलात तर तो वरची माती खाली लोटून मोकळा होईल, आणि खाली चुलत दिरांचं खळं आहे.

मशीन लावण्याआधी त्यालाच एक तासासाठी बोलवा. तीन ठिकाणी चार-पाच फुटांचे खड्डे काढून घ्या, पुढे, मध्ये आणि मागे. तुमच्याकडे जांभा. कुठे हातभर मातीखाली कातळ लागतो, तर कुठे जांभ्याचा कठीण थर फोडला की खाली मऊ पांढरट-पिवळी चिकण माती निघते. कातळ लागला तर बकेट चालत नाही, ब्रेकर लावावा लागतो, त्याचा दर वेगळा आणि कामाची गती मुंगीची. "कातळ लागला तर बघू" हे वाक्य ज्या व्यवहारात आलं तो व्यवहार भांडणात संपतो. खड्ड्यात काय दिसलं ते पाहून दोन्ही दर आधी कागदावर घ्या. कातळ फारच वर असेल तर पायरीची पातळी अर्धा फूट वर घ्या, कातळाशी हट्ट करू नका. निघालेला दगड टाकू नका, तो गडग्याला लागेल.

तासांवर काम दिलंत तर मशीनमध्ये तासांचं मीटर असतं, सकाळी आणि संध्याकाळी त्याचा फोटो काढा. येण्याजाण्याचा वेळ धरायचा की नाही तेही आधी ठरवा. बकेट हवेत ठेवून ड्रायव्हर फोनवर मेव्हण्याचं लग्न जुळवत असतो, तेव्हा मीटर थांबलेलं नसतं.

मुरूम थोडाफार बाहेरून आणावाच लागला तर गाडीचा हौदा टेपने मोजा. एकदा मी "दोन ब्रासची" म्हणून आलेली गाडी मोजली. आतून लांबी साडेदहा फूट, रुंदी सहा, उंची अडीच. १५७ घनफूट भरले, म्हणजे दीड ब्रास आणि वर चिमूटभर. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, वरून शिगोशीग भरतो ना. शीग वाटेतल्या खड्ड्यांनी खाल्ली होती.

बाहेरच्या मुरमाला रॉयल्टी असते, सरकारी भाषेत स्वामित्वधन. २०२१ साली ती ब्रासमागे ४०० वरून ६०० रुपये झाली. ठेकेदाराच्या २९० ब्रासना नुसती रॉयल्टीच १ लाख ७४ हजार होते. मग १५०० च्या भावात ती धरलीय का? धरली असेल तर खणणं, भरणं, डिझेल, गाडी हे सगळं ९०० रुपयांत बसवायचं. म्हणून दर "रॉयल्टीसह" लिहून घ्या आणि प्रत्येक खेपेचा वाहतूक परवाना मागून ठेवा. विनापरवाना मुरूम सापडला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, आणि नोटीस जागेच्या मालकाच्या नावाने निघू शकते. तेव्हा गाडीवाला फोन उचलत नाही.

स्वतःच्या प्लॉटची माती त्याच प्लॉटमध्ये फिरवण्याचा प्रश्न निराळा. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पायासाठी खणलेली माती त्याच जागेत वापरली म्हणून सरसकट रॉयल्टी लावता येणार नाही. पुढच्या वर्षी राज्याने गौण खनिजाच्या नियमांत तशी तरतूद केली. एकाच प्लॉटवर काढलेली माती तिथेच सपाटीकरणाला वापरली तर स्वामित्वधन नाही. माझा दोन पायऱ्यांचा हिशेब इथेही कामी येतो. तरी काम सुरू करण्याआधी तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात हाक तीच) एक लेखी अर्ज देऊन पोच घ्या. यंत्राचा आवाज गावभर जातो, आणि तक्रार करणाऱ्याला नियम पाठ असतोच असं नाही.

वाटणीची जमीन आहे म्हणता. मोजणी कधी झाली? हद्दीचे दगड शाबूत आहेत का? नसतील तर आधी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज. जेसीबीच्या एका फेरीत हद्दीचा दगड भरावात गडप होतो, मग तो कोणाच्या बाजूला होता यावर दोन पिढ्यांची करमणूक होते.

वरची सहा इंच काळसर माती सगळ्यात आधी खरवडून एका कोपऱ्यात ढीग करून ठेवा. मुळं, पालापाचोळा असलेली ही माती भरावात गेली तर कुजते आणि जमीन खचते, बागेत गेली तर सोनं. अख्ख्या प्लॉटची धरली तर २७ ब्रास भरते. लोक हीच माती दरीत ढकलतात आणि दोन वर्षांनी लाल मातीची गाडी विकत घेतात. आंबा-काजूचं झाड असेल तर त्याच्या बुंध्याभोवती भराव चढवू नका. झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षं झुरतं, आणि तोवर कारण कोणाच्या लक्षात राहत नाही.

भराव थरांनी करायचा. आठ-नऊ इंचांचा थर, पाणी, रोलर किंवा धुम्मस, मग पुढचा थर. सव्वादोन फुटांचे तीनच थर होतात. याचे पैसे वाचवू नका.

आता पाणी. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. पाच गुंठ्यांवर पडणारं पाणी मोजलं तर मोसमात १५ लाख लिटर होतं, आणि हे फक्त आभाळातून थेट पडलेलं, रस्त्यावरून आलेलं वेगळं. आज ते उतारावर पसरून, गवतातून, थोडं मुरत, थोडं वाहत खाली जातं. नऊ फुटांचा भराव घातलात की ते एका जागी गोळा होऊन भिंतीवरून खाली कोसळणार. म्हणून गडगा शक्यतो सुका, मातीसिमेंटशिवाय रचलेला बरा. जुन्या गडग्यांच्या दगडांतून पाणी पाझरून जातं, मागे साठून ढकलत नाही, म्हणून ते टिकतात. मधला साडेचार फुटांचा सिमेंटमध्ये बांधायचाच असेल तर मागे खडीचा थर आणि दर चार-पाच फुटांवर पाणी निघायला पाइप सोडा. आतून पाण्याने फुगून पडलेल्या भिंती मी जितक्या पाहिल्या, तितक्या वाऱ्याने पडलेल्या पाहिल्या नाहीत. दोन्ही पायऱ्यांना शंभर फुटांत फूटभर असा नकळत ढाळ द्या, घरापासून दूर जाणारा. ते सगळं पाणी एका बाजूने, चरातून, जिथे आज नैसर्गिक वाट आहे तिथेच सोडा. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, जाणारी वाट बुजवू नका.

पावसाआधी उरकायचं म्हणता. फेब्रुवारी-मार्च गाठा, पण शिमग्याचे दिवस सोडून, तेव्हा पालखी घरोघर फिरत असते आणि ड्रायव्हर पालखीखाली असतो. मेमध्ये जेसीबीवाला देव होतो, दर्शन मिळत नाही, मिळालंच तर दक्षिणा वाढलेली असते. घाईत केलेला भराव जूनमध्ये चिखल होऊन खाली येईल. जमलं नाही तर वर्षभर थांबा आणि एक पावसाळा पाणी कुठून कसं जातं ते बघून घ्या. फुकटात होणारा सर्व्हे आहे.

आता तुमचे चुलत दीर. रस्त्याच्या पातळीचा भराव झाला असता तर त्यांच्या मागच्या दारासमोर नऊ फुटांची भिंत उभी राहिली असती आणि वरून तुमच्या मोरीचं पाणी. "काय करायचं ते करा" त्यातून आलंय, असं मला वाटतं. ठेकेदार फीत घेऊन फिरून गेला असेल, त्यांनी ते ओटीवरून पाहिलं असेल. सव्वादोन फुटांचा गडगा त्यांना दाखवलात तर बोलणं निराळं होईल.

आणि तो नऊ फुटांचा आकडा ठेकेदाराचा आहे. स्वतः मोजा. हार्डवेअरच्या दुकानात पारदर्शक नळी मिळते, शंभर फूट घ्या, पाणी भरा, आतला हवेचा बुडबुडा काढून टाका. एक टोक रस्त्याच्या कडेच्या खुंटीला लावायचं, दुसरं मागच्या हद्दीला उंच काठीशी धरायचं. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत स्थिरावलं की काठीवर खूण करायची आणि तिथून जमिनीपर्यंत टेप लावायची. रस्त्याकडच्या टोकाला पाणी जमिनीपासून जेवढं वर असेल, तेवढं त्यातून वजा करायचं. आठ फूट निघाले तरी सगळे आकडे खाली येतील. हे एकट्याने होत नाही. यजमान रस्त्यापाशी उभे राहतील, खालचं टोक धरायला भाऊजींना हाक मारा.